भर उन्हातली दुबई

दुबईत राहणाऱ्या माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पगाराची आणि दुसरी पाहुण्यांची. पगाराच्या नोकरीत निदान ॲन्युअल लीव्ह मिळते, पाहुण्यांच्या नोकरीत ती लीव्हसुद्धा पाहुण्यांनाच द्यावी लागते. नोव्हेंबर लागला, हवा जरा बरी झाली, की फोन सुरू. "अगं, आम्ही विचार करतोय तुमच्याकडे यायचा." विचार कसला डोंबलाचा, तिकिटं काढून झालेली असतात! आम्ही सिलिकॉन ओएसिसमध्ये दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. थंडीच्या दिवसांत माझ्या मुलीला स्वतःची खोली शेवटची कधी मिळाली होती, हे तिलाही आठवत नाही.

इतक्या वर्षांत माझा एक कोर्सच तयार झाला होता. पहिल्या दिवशी आराम, मग मॉल, आणि संध्याकाळी कारंजी. दुसऱ्या दिवशी क्रीकवरची बोट आणि सोन्याचा बाजार, तोही दिवे लागल्यावर, कारण दिव्यात सोनं जास्त चमकतं. मग वाळवंट, सूर्यास्त, उंट, तंबूतलं जेवण, आगीचे खेळ. शेवटी बुर्ज खलिफा, शक्यतो तिन्हीसांजेला. कुठल्या गेटातून शिरलं की कमी चालावं लागतं, बाथरूम कुठे जवळ आहे, कुणाला उंटावर बसवायचं आणि कुणाला नुसतं फोटोपुरतं शेजारी उभं करायचं, मला झोपेतून उठवून विचारा. नवरा पार्किंगचा तज्ज्ञ. आम्हाला दारात सोडून तो जो गायब व्हायचा, तो थेट परत निघायच्या वेळी उगवायचा.

आणि या सगळ्यात आमचं एक ठरलेलं वाक्य होतं. तिकीट तपासतात तिथे पाहुणे म्हणायचे, "हे काय, तुम्ही नाही येत?" की मी म्हणायचे, "आम्ही पाहिलंय हो! तुम्ही जाऊन या, आम्ही इथेच कॉफी घेत बसतो." इथल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा. पाहुण्यांची तिकिटं काढायची आणि आपण खाली थांबायचं, ही रीतच आहे. मी बुर्जवर एकदाही गेले नव्हते. मत्स्यालय मॉलमधल्या काचेतून बाहेरूनच बघितलेलं. उंटाचा वास ओळखीचा, पण उंटावर कधी बसले नव्हते. सुरुवातीला गावाकडच्या घराचं कर्ज होतं, मग मुलीची फी आली, आणि मग ती सवयच झाली. विमानतळावर निरोप घेताना पाहुणे म्हणायचे, "तुमचं काय बाई, तुम्हाला हे रोजचंच!" मी म्हणायचे, "हो ना." झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर अशात मागच्या थंडीत आत्या यायची ठरली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. एसटीत कंडक्टर होती. चिपळूणहून सुटणाऱ्या घाटातल्या गाड्यांवर तिने सगळी नोकरी काढली. नवरा लवकर गेला, एका मुलाला एकटीने वाढवलं, आणि रिटायर झाली तरी तिचा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. मी लहानपणी तिच्या गाडीत बसले की पुढची सीट माझी. माझं तिकीट मात्र ती स्वतःच्या खिशातून काढायची, आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "भाची असली म्हणून काय झालं!"

तिच्या मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. म्हणाला, "ताई, आईचा काचबिंदू फार पुढे गेलाय गं. कडेचं काही दिसत नाही, सरळ समोरचं दिसतं तेवढंच. अंधारात तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही. काय बघायचं असेल ते आत्ता बघून घेऊ दे. मी आईला म्हटलं, कुठे नेऊ? काशी म्हणशील तर काशी. तर म्हणते दुबई, आणि एकटीच येणार!"

"दुबई म्हणाली?" मी इतक्या जोरात ओरडले की आमचा मॅनेजर केबिनमधून बाहेर बघायला लागला. तिच्या डोळ्यांचं ऐकून वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी असा काही उत्साह चढला होता, की काय सांगू! म्हटलं, ठरलं. आत्याचे डोळे आहेत तोवर तिला अख्खी दुबई दाखवायची. एक जागा सोडायची नाही. बॉसकडे जाऊन सगळी उरलेली लीव्ह मागितली. तो म्हणाला, "ऑल ऑफ इट?" म्हटलं, "ऑल ऑफ इट, खलास."

आत्या विमानतळाबाहेर आली ती ट्रॉलीने दोन माणसांना धडका देत. त्यांना तिने कडेला बघितलंच नव्हतं. वर त्यांनाच दटावत होती, "अहो, वाटेत काय उभे राहता!" नवऱ्याने बॅग घेतली तर म्हणाली, "जपून हो जावईबापू, कोकम आगळ आहे." मुलीने "हॅलो आजी, हाऊ वॉज युअर फ्लाइट?" विचारलं. आत्या म्हणाली, "फ्लाइट झकास, पण सीट आपल्या लाल डब्यापेक्षा अरुंद." मुलीला लाल डबा म्हणजे काय ते कळलं नाही, तरी ती हसली.

त्याच संध्याकाळी मी कोर्स सुरू केला. कारंजी! गर्दीतून वाट काढत अगदी कठड्यापाशी आत्याला उभं केलं. गाणं सुरू झालं, पाणी उडालं, लोक ओरडले. मी आत्याचा दंड हलवत होते, "बघ बघ! आता उंच जाईल बघ! गेलं!" आत्या टाळ्या वाजवत होती. मला काय आनंद झाला! मग गाणं संपलं, पाणी खाली बसलं, लोक वळून चालायला लागले, आणि आत्या तशीच मान वर करून हसत उभी. टाळ्या वाजवतच होती.

"आत्या, संपलं गं," मी म्हटलं.

"हो? झकास होतं हो!"

"काय काय दिसलं तुला?"

आत्याला खोटं बोलता येत नाही, आणि ते तिला ठाऊक आहे. "उजेड दिसला गं. नुसता उजेड, फुटल्यासारखा. अंधारात दिवे मला असेच दिसतात. पण पाणी उडालं ना अंगावर, ते कळलं! गार गार!"

मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. मुलाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, अंधारात दिसत नाही. आणि मी काय केलं? सगळ्या पाहुण्यांचा कोर्स तिच्या गळ्यात घातला! माझ्या यादीत दिवसाउजेडी बघायची एक गोष्ट नव्हती. आम्हा इथल्या लोकांच्या डोक्यात एकच बसलंय, की दुबई बघायची तर दिव्यांत. दिवसा ऊन, माती आणि ट्रॅफिक, त्यात काय बघायचं? घरी येईपर्यंत मी स्वतःवरच इतकी चिडले होते की नवऱ्याने रेडिओसुद्धा लावला नाही.

स्वयंपाकघरात मी भांडी आपटत होते, तेवढ्यात मुलगी आली. म्हणाली, "मम्मा, व्हाय डोन्ट यू जस्ट टेक हर इन द डे? इट्स विंटर."

एवढं साधं! मी पोरीला मिठीच मारली. ती म्हणाली, "ओके, ओके, यू आर वेट." आणि मी ओल्या हातांनीच फोन उचलला आणि एकेक बुकिंग फिरवायला बसले. वाळवंट सकाळचं. बोट सकाळची. बाजार सकाळचा. सफारीवाला दोनदा विचारता झाला, "मॅडम, मॉर्निंग में फायर शो नहीं है, डान्स भी नहीं है, आपको पता है ना?" म्हटलं, "भाईसाब, हमको सिर्फ सूरज चाहिए." त्याला वाटलं असेल, बाई बिथरली.

आणि काय सांगू तुम्हाला, ती दुबई मी कधी बघितलीच नव्हती!

वाळवंटात आत्याला पुढच्या सीटवर बसवलं. ड्रायव्हर पेशावरकडचा होता. "यल्ला!", म्हणजे आपलं 'चला', म्हणून त्याने गाडी टेकडीवर जी घातली, की मी पुढची सीट गच्च धरली. मी मागे डोळे मिटून देवाचं नाव घेत होते आणि आत्या पुढे ओरडत होती, "अगं, हा तर आपला कुंभार्ली घाट! फक्त रस्ता काढून घेतलाय!" ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, डर नहीं लगता?" आत्या म्हणाली, "बेटा, हमने घाट में खडे रहके टिकट फाडा है." तो इतका हसला की गाडी थांबवून त्याने तिला थर्मासमधला चहा पाजला. समोर वाळूवर किड्यांच्या पावलांची नक्षी होती. भर उन्हात आत्याला ती माझ्याआधी दिसली. सरळ समोर असलं आणि वर लख्ख ऊन असलं, तर तिला सुईत दोरा ओवता येईल इतकं स्वच्छ दिसतं. फक्त ते दिसतं एका छोट्या गोलाएवढं. ती तो गोल इकडून तिकडे नेत बघते, बॅटरीचा झोत फिरवावा तसा.

तिथेच उंट होते. उंटवाल्याने आत्याला बोलावलं. मी मोबाईल काढून फोटोच्या तयारीत उभी राहिले.

"तू?" आत्या म्हणाली.

"मी बसलेय गं कितीदा. तू बस."

"मग आणखी एकदा बस. गाडीतला एक माणूस खाली ठेवून मी बेल मारत नाही."

"आत्या, अगं ही काय एसटी आहे?"

"मला काही सांगू नकोस. तू नाही तर मी पण नाही." आणि खरंच, ती वाळूत फतकल मारून बसली. उंटवाला कंटाळला. शेवटी मी बसले. उंट मागच्या पायांवर आधी उठतो, हे इतक्या पाहुण्यांना आगाऊ सांगणारी मी, तो उठला तेव्हा अशी काही किंचाळले, की शेजारचा उंट दचकला! आत्या माझ्या मागे बसून खदखदा हसत होती. तिला वाटलं मी तिला हसवायला नाटक करतेय. मी तसंच वाटू दिलं. खरं तर मला उतरावंसंच वाटत नव्हतं.

मग तिचं हेच सुरू झालं. प्रत्येक ठिकाणी. मत्स्यालयाच्या दारात मी म्हणायचे, "मी पाहिलंय." ती म्हणायची, "मासे तेच आहेत का मागच्या वेळचे?" क्रीकवरच्या अब्रात, म्हणजे त्या उघड्या लाकडी बोटीत, मला तिच्या शेजारी टेकून बसायचा हुकूम. दोन दिवसांत ती यल्ला शिकली आणि तिने त्याची पार एसटी करून टाकली. "यल्ला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" बोटीतले बंगाली, फिलिपिनो, गोरे, सगळे गुमान पुढे सरकले. माझी हसून हसून पुरेवाट.

पण खरी मजा मेट्रोत आली. नवऱ्याने आम्हाला स्टेशनला सोडलं आणि मी सगळ्यात पुढच्या डब्यात, पुढच्या काचेला नाक लावून आत्याला उभं केलं. गाडी सुटली. आत्या म्हणाली, "ड्रायव्हर कुठे बसतो?"

"ड्रायव्हर नाहीच, आत्या. आपोआप चालते."

"आणि कंडक्टर?"

"कंडक्टरपण नाही."

"अगं मग लोक भांडतात कुणाशी?"

मागे उभा असलेला एक साताऱ्याकडचा मुलगा फिस्सकन हसला. मग आत्या काचेला आणखी चिकटली, कारण पुढचं सगळंच सरळ समोर होतं. रूळ समोर, बिल्डिंगी दोन्हीकडून समोर येणाऱ्या, वळण आलं की सगळं हळूच फिरून पुन्हा समोर. तिला मान फिरवावी लागत नव्हती. तिच्या त्या गोलात सगळी दुबई आपण होऊन येत होती. शेवटच्या स्टेशनाला उतरलो, पलीकडे गेलो आणि तीच गाडी पकडून परत आलो. मग पुन्हा गेलो. मी लहान मुलासारखी तिच्या शेजारी काचेला चिकटून उभी. "ते बघ आत्या!" "अगं हे बघ!" रोज ज्या रस्त्यावर मी ट्रॅफिकमध्ये शिव्या देत असते, तोच रस्ता वरून असा दिसतो! नवऱ्याचा फोन आला, "कुठे आहात? मी केव्हाचा थांबलोय." म्हटलं, "आणखी एक फेरी." तो म्हणाला, "तू पाहुणी आहेस की ती?"

बुर्ज मी शेवटच्या दिवसासाठी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेचं विमान. सूर्यास्ताच्या वेळेला सगळ्यांची झुंबड असते, मी भर दुपारचं तिकीट काढलं. एकच, सवयीप्रमाणे. बुकिंग करताना हात आपोआप एकावर गेला. पण मनात म्हटलं, आत्याने एवढं एक बघितलं ना, की माझं काम फत्ते. सगळी दुबई एका जागी, लख्ख उन्हात, तिला हवी तिथे नजर टाकता येईल. पुढे डोळ्यांचं काही का होईना, हे कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकणार नाही.

आणि त्या दिवशी सकाळी उठून पडदा सारते तर काय! धुकं! समोरची बिल्डिंग गायब. खालचा पार्किंग लॉट गायब. इथे थंडीत धुकं पडतं हे मला माहीत नव्हतं का? पण त्याच दिवशी पडायचं होतं? मी गॅलरीत उभी राहून धुक्याला अशा शिव्या घातल्या की नवरा म्हणाला, "हळू, शेजारी मराठी आहेत." मी रडकुंडीला आले. "संपलं सगळं. एवढं एकच राहिलं होतं." नवरा म्हणाला, "दुपारपर्यंत निघेल, इन्शाल्ला." म्हटलं, "तुझं इन्शाल्ला तू ठेव."

आत्या शांतपणे डोळ्यांत थेंब घालून डायनिंग टेबलाशी बसली होती. म्हणाली, "धुक्यात गाडी थांबवायची नाही, आणि हाकायचीही नाही जोरात. चहा टाक."

मुलगी शाळेत गेली तेव्हा धुकं होतं. नाश्ता झाला तरी धुकं. मी दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन येत होते. समोरच्या बिल्डिंगचा आधी एक कोपरा दिसला, मग अर्धी दिसली, आणि मग बघता बघता ऊन असं पसरलं, की मी "आत्या! चप्पल घाल!" म्हणून ओरडलेच. गाडीत मी नवऱ्याला इतकी घाई केली की तो म्हणाला, "ही गाडी आहे, विमान नाही." वाटेत लांबून बुर्ज दिसला, खालून वरपर्यंत, टोकासकट. मी टाळ्या वाजवल्या.

आत शिरायच्या ठिकाणी मी आत्याच्या हातात मोबाईलवरचं तिकीट दिलं. "हे दाखव. आत माणसं आहेत, ती सांगतील. मी इथेच—"

"तुझं कुठाय?"

"आत्या, आज नको ना. मी खरंच पाहिलंय. तू ऊन आहे तोवर जा पटकन."

तिने माझ्याकडे एक नुसती नजर टाकली आणि बाजूच्या बाकावर बसली. पर्स मांडीवर. मला तो बसण्याचा प्रकार आता पाठ झाला होता. मी पाय आपटत काउंटरवर गेले आणि दुसरं तिकीट काढलं. ती दिरमचे रुपये करायला लागली तशी म्हटलं, "मुळीच करू नकोस."

आणि आत गेल्यावर माझी फजिती सुरू झाली. पाहुण्यांना मी कायम दारापर्यंत सोडलं होतं, दाराच्या पुढे काय आहे हे मला कुठे माहीत! मी आत्याचा हात धरून तरातरा चालत निघाले ती चुकीच्या रांगेत. एक फिलिपिनो मुलगी धावत आली, "नो नो मॅम, दिस वे." पुढे पुन्हा चुकले. आत्या मान वळवून माझ्याकडे बघत होती. मग लिफ्ट. आत अंधार, भिंतींवर रंगीत चित्रं हलायला लागली आणि लिफ्ट जी सुटली, की कानात फट्टकन काहीतरी झालं. मी "आई गं!" म्हणून आत्यालाच गच्च धरलं.

दार उघडलं. लोक बाहेर पडले. आत्या तिथेच उभी राहिली.

"तू वर आलीच नव्हतीस कधी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आत्या, चल ना, ऊन—"

"उंटावरपण नव्हतीस बसलेली. ते नाटक नव्हतं."

मी पर्सचा पट्टा सारखा करायला लागले.

"लेक जन्मायच्या आधीपासून इथे आहेस. दरवर्षी कोण ना कोण तुझ्याकडे येतं, फोटो दाखवतं, तुझं नाव घेतं. आणि तू खाली उभी?" तिचा आवाज चढला. शेवटच्या सीटपर्यंत! दोन मराठी कुटुंबं वळून बघायला लागली. "डोळे धड आहेत ना तुझे? दोन्ही? चारी बाजूंचं दिसतं? आणि खाली कॉफी पीत बसलीस? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाज नाही वाटत?"

माझंही डोकं फिरलं. "मग काय करू? सगळ्यांची तिकिटं काढता काढता माझं राहिलं! कुणी म्हणालं का मला कधी, की तू पण चल? मी 'पाहिलंय' म्हटलं की सगळे निघाले वर!" बोलून गेले आणि ओठ चावला. आत्याने काय केलं होतं? तीच तर एकटी म्हणाली होती.

आत्याने पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "बरं. आता काढलंयस ना तिकीट? मला उन्हाकडे उभी कर. सरळ समोर काच येईल अशी. आणि मग मला काही दाखवायला येऊ नकोस. बिलकूल नाही. ही डावीकडची बिल्डिंग, तो उजवीकडचा रस्ता, हे बंद. मी माझं बघते. तू तुझं बघ."

मी तिला काचेशी नेलं. ऊन थेट तिच्यावर पडत होतं. तिने दोन्ही हात काचेला लावले. मी जरा पलीकडे सरकले आणि खाली बघितलं.

अगं बाई!

कारंज्यांचं तळं पायाशी, निळं, हातात मावेल एवढं. सगळे रस्ते एकमेकांत गुंतून सुटत जाणारे. मॉलचं नुसतं छप्पर, ज्याच्याखाली मी इतक्या वेळा कॉफी घेत बसले होते. पलीकडे समुद्र, चकचकीत. आणि कडेच्या काचेतून बुर्जची स्वतःची सावली! लांबच लांब, खालच्या बिल्डिंगींवरून पडलेली, आणि त्या सावलीच्या कुठल्यातरी टोकात आम्ही. मी दुसऱ्या बाजूच्या काचेकडे धावले. तिकडे शहर संपून वाळवंट सुरू होत होतं, त्या बाजूला कुठेतरी आमचं घर. मी शोधलं, सापडलं नाही, तरी हसायला आलं. परत इकडे आले. शेजारच्या एका अनोळखी बाईला मराठीतच म्हणाले, "बघितलंत का हो, गाड्या कशा चालल्यात?" ती कुठल्या देशाची होती देव जाणे, पण तिने मान डोलावली. मला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. घड्याळ बघायचं नव्हतं, कुणाची पर्स धरायची नव्हती, कुणाचा फोटो काढायचा नव्हता. मी काचेला कपाळ टेकवून उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही.

आणि मग एकदम आठवलं. आत्या! एवढ्या गर्दीत, कडेचं न दिसणारी बाई, आणि मी तिला सोडून इथे! वळले.

ती जिथे सोडली होती तिथेच होती. पण तिची पाठ काचेला होती. ऊन तिच्या खांद्यांवरून माझ्याकडे येत होतं आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"आत्या, अगं बाहेर बघ ना!" मी ओरडले. "उद्या तू निघालीस. ऊन आहे तोवर बघून घे, परत कधी—"

"बाहेरचं झालं बघून," ती म्हणाली. "समुद्र दिसला, रस्ते दिसले, ते तळं दिसलं. फार छान आहे. पोराला सांगेन सगळं."

"मग काय बघतेयस?"

"तुला." तिने अगदी साधेपणाने सांगितलं. "लग्नात तू रडत होतीस. तुझे वडील गेले, दादाच्या दिवसांना आलीस तेव्हा धड बसलीसुद्धा नाहीस. इथेही येऊन बघते तर सदानकदा धावपळ. इतकी खुशीत मी तुला कधी बघितलीच नाही गं. आता मला दिसतं ते नेमकं एका माणसाच्या तोंडाएवढं. म्हटलं, त्यात हेच राहू दे."

मी तिच्याकडे जायला निघाले. तिने हात पुढे करून थांबवलं.

"जवळ नको येऊस. आणि डोळे पूस, असं नकोय मला. जरा उन्हात सरक. अजून. हां. आता तिकडे तोंड कर, मघासारखं. माझ्याकडे नको बघूस. तू बघ. मी बघतेय."

मी उन्हात सरकले.